मोबाईलच्या नकाशाला आमचा बुडालेला पूल दिसत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक फोटो आला होता, खड्ड्यात बेशरमाची झाडं लावून त्याला हळदकुंकू वाहणाऱ्या पोरांचा. फोटो चांगला होता, मी पण हसलो, पण खरं सांगू का साहेब, हे झाड लावायचं आंदोलन मी शाळेत होतो तवापासून बघायलोय, झाड वाळून जातं आणि खड्डा तिथंच राहतो. बरेच दिवसांपासून बुडणाऱ्या पुलांचा नकाशा करायची गोष्ट डोक्यात घोळायली होती, तो फोटो बघून म्हणलं आता लिहूनच टाकावं. पत्र लांबलंय. कापायचं तर कापा, फक्त रशियातल्या रोस्तोव शहराचं तेवढं कापू नका.

मी परभणीचा. माझा छोटा हत्ती आहे, त्याच्यात खत, बियाणं, सरकी पेंड असं भरून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी या बाजूच्या खेड्यापाड्यांत पोचवतो, सतरा वर्षं झाली. रस्ते मला तोंडपाठ आहेत असा माझा समज होता. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीच रोज पानंच्या पानं छापत होता. त्यात एका संध्याकाळी सेलूकडून परत येताना नेहमीचा रस्ता बंद, म्हणून मी मोबाईलवर नकाशा लावला, त्यानं एक आडरस्ता दाखवला, फेरा पण वाचत होता, म्हणलं चला. स्क्रीनवर झकास निळी रेघ, बाई गोड आवाजात सांगायली सरळ जा, सरळ जा, आणि पुढं बघतो तर फरशी पुलावरून गढूळ पाणी चाललंय. अंधार पडत आलेला, कडेचे दगड दिसंनात, पाणी आणि रस्ता एकाच रंगाचे. मी पहिला गिअर टाकलाच होता. तेवढ्यात शेळ्या घेऊन थांबलेले एक म्हातारबाबा ओरडले, "ए हत्तीवाल्या, डोळे फुटले का, त्या बाभळीकडं बघ की."

काठावर एक बाभूळ होती. तिच्या बुंध्याला कधीतरी कुणीतरी चुन्याचा पट्टा मारलेला, झाडं मोजताना मारतात तसा. बाबा म्हणाले, पट्टा दिसला तर पुलावर घोट्याएवढं पाणी, जा बिनधास्त, पट्टा अर्धा बुडाला तर ट्रॅक्टर जातो बाकी कुणी नाही, आणि पट्टाच दिसंना झाला तर गप माघारी फिरायचं. त्या दिवशी पट्टा दिसत नव्हता. मी माघारी फिरलो, रात्री साडेअकराला घरी पोचलो, बायकोचं जे ऐकायचं ते ऐकलं.

नंतर विचार केला तेव्हा नकाशावाल्याचा मला राग आला नाही. त्याला कोण सांगणार? बाभळीचं गणित बाबाला माहीत, बाबाच्या खिशात फोन पण होता, साधा, बटणाचा. म्हणजे माहिती होती, फोन होता, नकाशा होता, पण तिघांची एकमेकांशी ओळखच नव्हती.

आता रशियाचं सांगतो. तुम्ही म्हणाल परभणीचा टेम्पोवाला रशियावर कामून बोलायलाय. तर माझा भाचा कझानला एमबीबीएस करतोय, चौथं वर्ष. आपल्या मराठवाड्यातली किती पोरं तिकडं आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुट्टीला आला होता तेव्हा मी त्याला बाभळीची गोष्ट सांगितली, तर म्हणला, "मामा, तिकडं लोक नकाशावर काय काय करतेत ते तुम्हाला दाखवतो." मग तीन-चार रात्री गच्चीवर बसून तो वाचून मराठीत सांगायचा आणि मी ऐकायचो. त्याची रशियन बरी आहे आता, पेशंटशी बोलावं लागतं ना.

पहिलं त्यानं त्याच्या फोनमधला नकाशा दाखवला. टू-जीआयएस नावाचा, तिकडं त्याला दुब्लगिस म्हणतात. १९९९ साली सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात ही कंपनी निघाली. नेट नसलं तरी चालतो, आणि मला आवडलं ते हे की बिल्डिंग नुसती दाखवत नाही, तिचं दार कुठल्या बाजूला आहे ते पण दाखवतो. तिकडं सोव्हिएत काळातल्या लांबच लांब बिल्डिंगा, सगळ्या एकसारख्या, एकेकीला पाच-सहा जिने आणि प्रत्येक जिन्याला वेगळं दार. भाचा म्हणतो, उणे वीसमध्ये चुकीच्या दाराला गेलं की पूर्ण बिल्डिंगला चक्कर मारावी लागते, डोळ्यातलं पाणी गोठतं. इकडं आमचा पत्ता म्हणजे "मारुतीच्या देवळापासून आत, जांभळ्या गेटच्या पुढं", पण कुणीतरी बसून दारं मोजली आणि नकाशात घातली, याचं मला लई कौतुक वाटलं. दुसरा मोठा नकाशा यांडेक्सचा. त्याच्यावर ट्रॅफिकला शून्य ते दहा मार्क असतात, लोक सकाळी हवामान बघावं तसे मार्क बघून घराबाहेर पडतात.

पण हे झालं कंपन्यांचं. लोकांनी काय केलं ते खरं बघण्यासारखं आहे.

२०१० चा उन्हाळा. मॉस्कोत २९ जुलैला पारा ३८.२ वर गेला. आपल्याला हसू येईल, आपल्याकडं ३८ म्हणजे मार्चचा महिना, पण त्यांच्या लेखी तेवढं ऊन कधीच पडलं नव्हतं. जंगलं पेटली, गावंच्या गावं जळली. मॉस्कोच्या आसपास दलदलीची जमीन आहे, तिच्यात हजारो वर्षं कुजलेल्या पाल्याचा थर असतो, पीट म्हणतात, सोव्हिएत काळात जळणासाठी तो काढायला म्हणून दलदली कोरड्या केल्या होत्या. ती कोरडी जमीन आतल्या आत धुमसत राहिली, गोवऱ्यांचा कलवड धुमसतो तशी, वरून पाणी मारलं तरी खाली आग जिवंत. ऑगस्टात मॉस्कोत धुरामुळं समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. आणि २००७ पासून जो नवा जंगल कायदा आला होता त्यानं जंगलाचे सरकारी राखणदारच काढून टाकले होते, म्हणजे पहिली ठिणगी बघणारा माणूस गायब.

तेव्हा काही इंटरनेटवाल्या पोरांनी एक नकाशा उघडला, नाव ठेवलं मदतीचा नकाशा. सॉफ्टवेअर त्यांनी बनवलं नाही, ते केनियातलं होतं. केनियात २००७ च्या शेवटी निवडणुकीनंतर दंगली झाल्या तेव्हा तिथल्या लोकांनी कुठं काय घडतंय ते नकाशावर टाकायला २००८ मध्ये उशाहिदी नावाची गोष्ट बनवली, स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. फुकट आहे, कुणीपण घ्यावं आणि वापरावं. तर रशियातल्या पोरांनी ते उचललं आणि त्याच्यावर दोन जातीचे ठिपके सुरू केले. एक म्हणजे मला हे पाहिजे: घर जळालंय, ब्लँकेट पाहिजेत, पाण्याचा पाईप पाहिजे, म्हाताऱ्या आईला धुरातून बाहेर काढायचंय. दुसरा म्हणजे माझ्याकडं हे आहे: गाडी आहे, रिकामी खोली आहे, दोन दिवस सुट्टी आहे. आणि मधे माणसं बसवली जी फोन करून ताडून बघायची की बाबा खरंच लागतंय का, पोचलं का, आणि याची गाठ त्याच्याशी घालून द्यायची.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला तिथंच थांबवलं. म्हणलं ही मधली माणसं काढली तर काय उरतं? नुसते ठिपके. आमच्याकडं पण तक्रारीचं ॲप आहे, कुठल्या ऑफिसचं ते सांगत नाही, मी त्याच्यावर एका खड्ड्याचा फोटो टाकला होता, ठिकाण लावून, सगळं रीतसर. नवव्या दिवशी मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." मी खूश, मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो, खड्डा होता तिथंच आणि आता त्याच्यात एक टायर पण पडलेला. ठिपका मात्र नकाशावर हिरवा झाला होता साहेब. कुणीच तिथं येऊन गेलं नव्हतं, ठिपक्याचा रंग तेवढा बदलला होता.

त्याच ऑगस्टातला एक किस्सा तर लईच भारी आहे. त्वेर भागात ज्याचं खेड्यात घर होतं अशा एका माणसानं इंटरनेटवर शिव्या देत लिहिलं, की कम्युनिस्टांच्या काळात आमच्या खेड्यात आगीसाठी तीन तळी होती, एक घंटा होती जी आग लागली की बडवायची, आणि एक आगीचा बंब होता. मग नवे आले, त्यांनी तळी बुजवून प्लॉट विकले, बंब कुठं गेला देव जाणे, घंटा काढली आणि तिथं टेलिफोन बसवला, तो टेलिफोन चालत नाही. मला टेलिफोन नको, माझी घंटा परत द्या. त्या घंटेला ते रिंदा म्हणतात. एका रेडिओच्या संपादकानं हे पत्र पुतिनसाहेबांकडं पाठवलं, तेव्हा ते पंतप्रधान होते, आणि त्यांनी खरोखर उत्तर दिलं, की तुझा पत्ता दे, घंटा तुला गव्हर्नरकडून ताबडतोब मिळेल. पूर्ण देश हसला. मग २०११ मध्ये मदतीच्या नकाशावाल्यांनीच कायमचा एक नकाशा काढला, आग असो पूर असो की शेजारच्या आजीला औषध आणायचं असो, आणि नाव काय ठेवलं तर व्हर्च्युअल रिंदा.

घंटा काढून टेलिफोन बसवला आणि टेलिफोन बंद! ही गोष्ट आमच्या कुठल्यापण गावात खपून जाईल. आमच्या गावात पूर्वी दवंडी होती, पाण्याचा लोंढा येणार असला की कोतवाल हलगी वाजवत ओरडत जायचा. आता व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. ग्रुपवर त्या पुराच्या दिवशी सकाळी किती मेसेज होते माहीत आहे का, एकशे चाळीस, त्यातले शुभ सकाळ आणि कुणाच्या वाढदिवसाचे सोडले तर पुलाचा एकच, तो पण मागच्या वर्षीचा व्हिडिओ.

आता खड्ड्यांवर येतो, कारण विषय तिथून निघाला. २०११ मध्ये तिकडं रोसयामा नावाची साईट निघाली, यामा म्हणजे खड्डा. काढली ॲलेक्सी नवाल्नी यांनी, ते वकील होते, पुढं सरकारचे मोठे विरोधक झाले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तुरुंगात वारले, ते तुम्ही छापलंच असेल. पण त्या साईटमध्ये राजकारण कमी आणि फूटपट्टी जास्त होती. रशियाच्या तेव्हाच्या सरकारी मानकात लिहून ठेवलं होतं की रस्त्यावरचा खड्डा १५ सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल यापेक्षा मोठा चालणार नाही. बस, एवढ्यावर पूर्ण साईट उभी. तुम्ही फोटो काढायचा, नकाशावर जागा दाखवायची, आणि साईट तुम्हाला ट्रॅफिक पोलिसांच्या नावानं अर्ज तयार करून द्यायची, कायद्याच्या भाषेत, कलमासकट. उत्तर नाही आलं तर पुढचा अर्ज सरकारी वकिलाकडं, तो पण तयार. इकडं आपल्याला अर्ज लिहायचा म्हणलं की तहसीलसमोर टपरीवाल्याला पन्नास रुपये, आणि तो लिहितो "विनंती अर्ज". विनंती कशाची, पाच सेंटीमीटरचा हिशोब मागायचा असतो.

येकातेरिनबुर्गच्या लोकांनी २०१२ मध्ये वेगळंच केलं, ते नकाशातलं नाही पण राहवत नाही म्हणून सांगतो. तिथल्या एका न्यूज साईटनं आणि एका जाहिरात कंपनीनं रात्रीतून तीन खड्ड्यांभोवती रस्त्यावर तीन चेहरे काढले, गव्हर्नरचा, महापौराचा आणि उपमहापौराचा, असे की खड्डा म्हणजे त्यांचं उघडं तोंड. दुसऱ्या दिवशी कामगार आले, खड्डा बुजवायला नाही, चेहरा रंगानं पुसायला. हे सगळं लपून कॅमेऱ्यात घेतलेलं, ते त्यांनी छापलं, आणि मग कुठं डांबर पडलं. बेशरमाच्या झाडाचे हे चुलतभाऊच म्हणायचे, फक्त झाडावर कुणाचं नाव नसतं आणि तोंडावर होतं.

आता रोस्तोव. दोन हजार वीसचा एप्रिल, लॉकडाऊन. तिकडं सरकारनं घरात बसा म्हणलं पण कायद्यानं आणीबाणी लावली नाही, लोकांचं म्हणणं असं की आणीबाणी लावली तर भरपाई द्यावी लागते, म्हणून लावत नाहीत. काम बंद, हप्ते चालू. रस्त्यावर मोर्चा काढता येईना. तर यांडेक्सच्या नेव्हिगेटरमध्ये एक सोय होती, गाडीवाल्यांनी एकमेकांना सांगायची, डावी लेन बंद आहे, पुढं ॲक्सिडेंट झालाय, असा मेसेज नकाशावर त्या जागी चिकटवता यायचा. २० एप्रिलला रोस्तोव-ऑन-डॉनच्या लोकांनी काय केलं, तिथल्या प्रादेशिक सरकारच्या ऑफिससमोर नकाशावर मेसेज चिकटवायला सुरुवात केली. काम नाही, कर्ज कसं फेडायचं, एकतर आणीबाणी लावा नाहीतर बंदी उठवा. दहा, पन्नास, शंभर, बघता बघता नकाशावर ऑफिससमोरचा चौक मेसेजच्या फुग्यांनी भरून गेला. रस्ता रिकामा, नकाशावर मोर्चा! मग मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, येकातेरिनबुर्ग, क्रास्नोयार्स्क, सगळीकडं लोण पसरलं, लाल चौकात पण लोक घरी सोफ्यावर बसून जमले. कंपनीनं मेसेज काढायला सुरुवात केली, रस्त्याशी संबंध नसलेलं आम्ही ठेवत नाही म्हणून. लोक म्हणायचे, आमचा रस्ताच बंद झालाय, अजून काय संबंध पाहिजे.

हे ऐकून माझा भाचा हसत होता पण मी लई वेळ गप बसलो. त्याच महिन्यात आमच्या रस्त्यांवर माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन पायी चालली होती, पुण्याहून परभणीकडं, नांदेडकडं. मी पासवर खत वाहत होतो म्हणून बघितली. कुठल्याच नकाशावर ती दिसत नव्हती, रस्ते सगळे निळे, मोकळे.

नकाशा खोटं पण बोलतो बरं का, आणि कधीकधी मुद्दाम. २०१६ मध्ये मॉस्कोत क्रेमलिनच्या जवळ गेलं की लोकांचे फोन म्हणायचे तुम्ही वनुकोवो विमानतळावर आहात. विमानतळ शहराच्या पार बाहेर. टॅक्सीवाल्यांचे हाल. वरून येणारा सिग्नल कुणीतरी बिघडवायचं, ड्रोन येऊ नयेत म्हणून असं लोक म्हणायचे. तेव्हा नकाशात दिसतं म्हणजे आहेच, हे काही खरं नाही, त्यापेक्षा बाभूळ बरी.

एक रात्र मात्र आम्ही वेगळंच बघितलं. पास्टव्ह्यू म्हणून साईट आहे, त्याच्यावर लोक जुने फोटो नकाशावर लावतात, नुसती जागा नाही तर फोटो काढणारा कुठं उभा होता आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठं होतं त्याचा बाण पण लावतात. आधी मॉस्कोपुरतं होतं, मग पसरलं. घरातल्या पेट्यांतून फोटो निघतात आणि लोक वाद घालत बसतात की हा चौक तो नाही, चिमणी बघा, ट्रामची तार बघा. दुसरं एक, शेवटचा पत्ता नावाचं. स्टालिनच्या काळात ज्यांना घरातून उचलून नेलं आणि मारलं, त्यांच्या त्या घराच्या भिंतीवर एक छोटी लोखंडी पाटी लावायची, ११ बाय १९ सेंटीमीटर, आपल्या हाताच्या पंजाएवढी. नाव, धंदा, जन्म, कधी उचललं, कधी गोळी घातली, कधी निर्दोष ठरवलं, आणि जिथं फोटो असायला पाहिजे तिथं रिकामं चौकोनी भोक. २०१४ च्या डिसेंबरात मॉस्कोत पहिल्या पाट्या लागल्या, आणि सगळ्या नकाशावर बघता येतात. मेमोरियल नावाच्या संस्थेनं मॉस्कोचा एक नकाशा केला, त्याचं नाव "हे इथंच आहे", कुठं तुरुंग होता, कुठं छावणी होती, रोजच्या रस्त्यावरचं. ती संस्था २०२१ च्या डिसेंबरात कोर्टानं बंद करायला लावली आणि पुढच्या वर्षी तिला नोबेल मिळालं.

अजून एक साईट आहे, एतो मेस्तो, म्हणजे "ही जागा". शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात, बोटानं सरकवलं की वरचा पातळ होतो आणि खालचा दिसतो. रशियात धरणात बुडालेलं मोलोगा नावाचं पूर्ण शहर आहे, १९४१ मध्ये पाणी भरायला लागलं. आणि काल्याझिनला एक चर्चचा मनोरा आहे, तो तेवढा पाण्यातून वर उभाय, आजूबाजूचा जुना भाग तळाला. भाचा हे दाखवत होता आणि आई मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. आईचं माहेर जायकवाडीत गेलेलं. ती म्हणली, आमचं दाखव. मी आपला साधा नकाशा लावला, नाथसागर आला, सगळं निळं. तिनं चष्मा लावला, पैठण कुठंय विचारलं, मग शेवगावकडची बाजू विचारली, आणि निळ्यावर बोट ठेवून म्हणली, "इथं चिंच होती, आणि इथून खाली उतरलं की घाट." बोट काढलं की स्क्रीन आपोआप मोठी झाली, अजून निळं. मग झोपायला गेली. १९७६ चं धरण, त्या गावांची चिंच कुठं होती हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. किल्लारीचं पण तसंच, १९९३ च्या आधीची गल्ली कशी होती ते नव्या पुनर्वसनातल्या पोरांना सांगायला किती जण उरलेत? हे काम कुणा कॉलेजनं केलं तर बरं, माझ्या कुवतीबाहेरचं आहे, पण आईकडून मी कागदावर गल्ली काढून घेतलीय, एका बाजूला चिंच आणि दुसऱ्या बाजूला लोहाराचा भाता.

माझ्या कुवतीतलं जे आहे ते पुलांचं. आणि त्यासाठीच एवढं पुराण लावलंय.

साहेब, तुमच्याकडं तालुक्यातालुक्याला वार्ताहर आहेत, गावोगावी पेपर टाकणारी पोरं आहेत, ती पहाटे पाचला रस्त्यावर असतात, पूल बुडालाय हे सगळ्यात आधी त्यांना आणि दूधवाल्यांना कळतं. पावसाळ्याआधी एक तालुका घ्या, एकच. त्यातले सगळे फरशी पूल, नळकांडी पूल, ओढ्यावरचे रपटे नकाशावर टाका. प्रत्येक पुलामागं एका माणसाचं नाव तुमच्या दप्तरी ठेवा, छापू नका, फक्त ठेवा, पोलीस पाटील, दूधवाला, पानटपरीवाला, कुणीपण जो तिथंच राहतो. पाऊस झाला की त्याला फोन, किंवा त्याचा मिस कॉल, आणि ठिपका लाल. उतरलं की हिरवा, पण हिरवा करायचा अधिकार फक्त त्यालाच, कुठल्याच ऑफिसला नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते वर सांगितलंच. परवानगीचं कुणी विचारलं तर २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनंच नकाशे करायचे नियम भारतीयांसाठी सैल केलेत. आणि हे काही रशियातच होतं असं नाही, २०१५ ला चेन्नईत पूर आला तेव्हा लोकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून केलेल्या फुकट नकाशावर, बुडालेले रस्ते एकेक करून रंगवले होते, आपल्याच देशात.

माझं म्हणणं खोडायला माझा भाचाच पुढं, तो म्हणतो, मामा, मदतीच्या नकाशामागं शहरातली शिकलेली पोरं होती, फुकट राबली आणि आग विझल्यावर घरी गेली, तुमच्या पुलांमागं दरवर्षी कोण बसणार. बरोबर आहे त्याचं. पहिल्या पावसात सगळे उत्साहात, तिसऱ्या पावसात फोन उचलायला कुणी नाही, हे मला पण दिसतंय. म्हणून तर पेपरवाल्यांना लिहायलोय, तुम्हाला तसं पण रोज सकाळी उठून पेपर काढावाच लागतो, पाऊस असो नसो. तुम्ही रोज "पाणीपातळी" म्हणून धरणांचा कोपरा छापता, जायकवाडी इतके टक्के, येलदरी इतके टक्के. त्याच्याच खाली चार ओळी पुलांच्या छापा. ज्यांच्याकडं साधा फोन आहे ते पेपर वाचतील, किंवा वाचून घेतील.

माझ्याकडं एक वही आहे. पुराच्या त्या रात्रीनंतर मी लिहायला लागलो. आजपर्यंत त्रेचाळीस पूल झालेत, प्रत्येकाच्या पुढं खूण लिहिलीय, कुठल्या दगडावरून पाणी ओळखायचं, कोण सांगेल, किती तासांत उतरतं. काही खुणा चुकीच्या असतील, दोन ठिकाणी दोघांनी वेगवेगळं सांगितलंय ते तसंच दोन्ही लिहिलंय. झेरॉक्स काढून या पत्रासोबत पाठवायलोय. सतराव्या पानावर तेल सांडलंय तेवढं समजून घ्या.

आणि एक. बाभळीचा तो पूल वहीत पहिला आहे, पण परवा तिकडून गेलो तर रस्ता रुंदीकरणात बाभूळ तोडलेली. बाबा म्हणले आता पलीकडच्या विजेच्या खांबावर मी स्वतः चुना मारलाय, दोन पट्टे, खालचा गुडघा आणि वरचा कंबर. तर वहीत बाभूळ लिहिलंय तिथं खोडून खांब करा.

आपला,
छोटा हत्तीवाला एक वाचक,
परभणी